शापाचा कागद आणि शापाचा आवाज

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणला जायचे, तर कसालच्या तिठ्यावर वळावे लागते. या तिठ्याच्या आसपासच्या कोणत्याही गावात, गावऱ्हाटीच्या, म्हणजे गावच्या परंपरागत देवव्यवस्थेच्या, देवळात गाऱ्हाणे घातले जाताना नीट ऐकले, तर एक गोष्ट लक्षात येते. गाऱ्हाण्याची बांधणी अर्जासारखी असते. आधी देवाला हाक. मग बाराचा पूर्वस, सीमेवरचे देवचार, गावच्या चतुःसीमेतल्या साऱ्या शक्ती एकेक करून साक्षीला बोलावल्या जातात. मग गाऱ्हाणे कोणाचे आणि कशाबद्दल, ते येते: कुणी बांध सरकवला, कुणी झाडावरची फळे उतरवून नेली, घरातले दुखणे हटत नाही. शेवटी मागणी येते, की ज्याने हे केले असेल त्याला त्याची जागा दाखव, त्याला तुझ्या पायरीवर आण. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गाऱ्हाणे घालणारा गुरव, घाडी किंवा गावकर एकटा असतो, पण संमती साऱ्यांची असते.

ही मागणी म्हणजे शर्तीचा शाप आहे. त्यात नाव घ्यावेच लागत नाही, गुन्हा सांगितला की पुरे. शाप आपला माणूस शोधून काढील अशी खात्री असते. ही खात्री किती जुनी आहे, कोणी कोणाविरुद्ध ती वापरली आणि तिचा परिणाम काय झाला, याचा कागदोपत्री माग काढता येतो का? परंपरा ‘फार जुनी’ आहे हे सर्वांनाच ठाऊक असते, पण ‘फार जुनी’ हा काही पुरावा नव्हे. म्हणून कसालभोवतीच्या मुलुखापासून सुरुवात करून एकेक साधन हाती घेऊ, आणि प्रत्येक साधन नेमके किती सांगते ते पाहू.

पहिले साधन याच जिल्ह्यातले आहे. कसालच्या उत्तरेला, कणकवली तालुक्याच्या टोकाला खारेपाटण आहे. तिथला ताम्रपट दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाचा. त्यावर शके ९३० दिलेले आहे, म्हणजे इ. स. १००८. त्या वेळचा सार्वभौम चालुक्य राजा सत्याश्रय याचा त्यात उल्लेख आहे, शिलाहारांची वंशावळ आहे आणि अव्वेश्वराच्या देवळासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. हा ताम्रपट पहिल्यांदा वाचून प्रसिद्ध केला तो बाळशास्त्री जांभेकरांनी. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जवळच्याच पोंभुर्ल्याचे. १८४० च्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्यांचे वाचन आले. पुढे कीलहॉर्नने ‘एपिग्राफिया इंडिका’त त्याचे पुन्हा संपादन केले.

त्या काळच्या दानपत्रांची एक ठरलेली रीत होती. दान कोणाला, किती, कोणत्या सीमांमधले हे सांगून झाले की अखेरीस धर्मशास्त्रातले श्लोक येत. दान पाळणाऱ्याला स्वर्ग, हिरावणाऱ्याला नरक. कुणाची जमीन हिसकावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल, अशा अर्थाचा श्लोक तर भारतभरच्या ताम्रपटांत सापडतो. यावरून एवढे निश्चित म्हणता येते, की हजार वर्षांपूर्वी राज्यकर्ते आपल्या आज्ञेला शापाची जोड देत होते. पण हे श्लोक संस्कृतात आहेत, ठरीव साच्याचे आहेत आणि ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरात बांधून ठेवलेला असे. जमीन बळकावू पाहणाऱ्या शेजाऱ्याने ते वाचले असतील, याला आधार नाही. त्यांचा रोख पुढच्या राजांकडे दिसतो. हे अनुमान आहे, पण श्लोकांचा मजकूर त्याला धरून आहे, कारण अशा श्लोकांत भावी राजांना उद्देशून विनवणीही असते.

दुसरे साधन उत्तर कोकणातले आहे, आणि इथे चित्र पालटते. मुंबईत परळला सापडलेला शिलालेख उत्तर कोकणच्या शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याचा आहे, शके ११०८ चा, म्हणजे इ. स. ११८७ चा. व्यवहार अगदी छोटा: साष्टीतल्या एका गावातील वाडीच्या उत्पन्नापैकी २४ द्रम्म वैद्यनाथाच्या पूजेसाठी द्यायचे. लेखाची भाषा संस्कृत आहे. राजाची बिरुदे संस्कृतात, दानाचा तपशील संस्कृतात. मात्र शापाशी येताच कोरणारा एकदम मराठीत बोलू लागतो. जो कोणी हे शासन मोडील त्याच्यावर वैद्यनाथ देवाचा भाला कुटुंबासकट पडो, असे तो आधी म्हणतो. त्यानंतर गाढवाचा उल्लेख करून त्या माणसाच्या आईला उद्देशून अशी शिवी देतो, जी आजही तोंडावर उच्चारली तर हाणामारी होईल. खाली त्या शिवीचे चित्रच कोरलेले आहे. अशा दगडांना गधेगाळ म्हणतात. कोकणात ते अनेक ठिकाणी मिळाले आहेत. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात अशा लेखांचा मजकूर एकत्र आणला, तेव्हा मराठीच्या सर्वांत जुन्या लेखी वाक्यांमध्ये शापांचा वाटा किती मोठा आहे, हे अभ्यासकांसमोर आले.

या दगडाकडे जरा जवळून पाहू, कारण आपल्या शोधातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. त्यात वाचकांच्या तीन पायऱ्या दिसतात. संस्कृत जाणणाऱ्यासाठी राजाज्ञा. मराठी समजणाऱ्यासाठी, म्हणजे कोणी वाचून दाखवले तर कळेल अशा माणसासाठी, शाप. आणि अक्षरओळख नसलेल्यासाठी गाढवाचे चित्र. भाषा कुठे बदलते आणि चित्र कोणत्या मजकुराचे आहे, हे दगडावर दिसते. तेवढे निश्चित. हा बदल हेतुपुरस्सर केला, हे अनुमान. पण ते टाळणे कठीण आहे. २४ द्रम्मांसाठी कोणी शिल्पी लावून चित्र कोरून घेतो, तेव्हा ते पाहून माणसे थबकतील असा त्याला भरवसा असतो. शापाच्या सामर्थ्याचा जो पहिला भक्कम दाखला आपल्याला मिळतो तो असा आहे. शापाने कोणाचे वाटोळे झाले हे दगड सांगत नाही. शापावर कोणी तरी खर्च केला, हे मात्र तो सांगतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शापाचा मारा गुन्हेगारापाशी थांबत नाही. तो कुटुंबावर पडतो, आईवर पडतो. ज्या बाईने काहीच केलेले नाही, तिची अब्रू दगडावर तारण ठेवलेली आहे. विश्वासाची ताकद मोजताना ती कोणाच्या जिवावर उभी होती, हे विसरून चालणार नाही.

पुढची काही शतके ओलांडून आदिलशाही आणि मराठेशाहीच्या कागदांपाशी आलो, तर गाढव दिसत नाही, पण त्याची जागा रिकामी राहिलेली नाही. इनाम-वतनाच्या कागदांच्या शेवटी हरकत करणाऱ्याला शपथ घातलेली असते: हिंदू असेल त्याला गाईची, मुसलमान असेल त्याला डुकराची. ज्याचे जे पवित्र किंवा ज्याला जे निषिद्ध, त्यावर बोट ठेवलेले आहे. ज्याच्या मनात जे आहे त्यालाच हात घातल्याशिवाय शपथ लागू पडत नाही, हे कागद लिहिणाऱ्याला पुरते ठाऊक होते.

याच काळात सरकार शापाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहू लागल्याचे दिसते. गणेश चिमणाजी वाड यांनी पुणे दप्तरातून सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या रोजनिश्यांतील निवडक उतारे काढले. त्या निवडीवर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली निबंध वाचला. त्यात ते नोंदवतात, की भुताखेतांचा बंदोबस्त करणे हे चोरीच्या शासनाइतकेच सरकारचे कर्तव्य समजले जाई, आणि जादूटोणा करणाऱ्यांना हुडकून शिक्षा दिली जाई. म्हणजे राजा जो शाप आपल्या सनदेला जोडत होता, तोच शाप रयतेने एकमेकांवर घातला की गुन्हा ठरत होता. दोन्हींमागचा विश्वास एकच, फरक अधिकाराचा.

मात्र हा पुरावा कसालच्या परिसराला जसाच्या तसा लावता येत नाही. पेशव्यांच्या रोजनिश्या पेशव्यांच्या अंमलाबद्दल सांगतात. सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण त्या वेळी कोल्हापूरकर छत्रपतींकडे होते आणि १८१२ च्या तहाने ते इंग्रजांकडे गेले. कुडाळ-वाडीचा मुलूख सावंतांचा. घाटावरची रीत इथे होतीच असे म्हणायला वेगळा कागद हवा. समाज एकच, देवदेवस्कीच्या समजुती मिळत्याजुळत्या, म्हणून शक्यता दाट आहे. तरी शक्यता आणि पुरावा यांच्यात अंतर ठेवलेले बरे.

दक्षिणेकडे गोव्यात पाहिले तर हाताशी येता येता निसटलेला मोठा ठेवा आहे. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून होते. ख्रिस्ती झालेल्यांनी जुन्या देवांना कौल लावणे, नवस फेडणे, मंत्रतंत्र करवून घेणे हे तिथे खटल्याचे विषय होते. १७३६ च्या जाहीरनाम्यात तर घरगुती चालीरीतींची लांबलचक यादी करून त्या मना केलेल्या आहेत. अशा खटल्यांत आरोपीला प्रश्न विचारले जात आणि त्याची उत्तरे लिहून घेतली जात. जबरदस्तीने वदवलेली का होईना, पण शापावर विश्वास ठेवणाऱ्या साध्या माणसाची ती जबानी झाली असती. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाले आणि खटल्यांचे बहुतेक कागद जाळून टाकले गेले. इन्क्विझिटर जुआंव देल्गादु फिगैरा याने १६२३ पर्यंतच्या खटल्यांची केलेली सूची तेवढी लिस्बनला राहिली. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनाही जाहीरनामे, प्रवासवर्णने आणि पत्रव्यवहार यांवरच भिस्त ठेवावी लागली. सूचीत आरोपीचे नाव मिळते, आरोप मिळतो, शिक्षा मिळते. तो काय म्हणाला, ते मिळत नाही.

इंग्रजी अमदानीत कागद वाढतात. १८८० मध्ये जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या गॅझेटियरचा दहावा खंड निघाला. जमीन, पिके, जाती, बंदरे यांच्याबरोबरच लोकांच्या समजुतींचीही नोंद तिथे आहे. पण कॅम्पबेल हा निव्वळ नोंद करणारा नव्हता. पुढे त्याने लोकांच्या चालीरीतींच्या मुळाशी भुतांची भीतीच आहे असा सिद्धान्त मांडणारी टिपणे प्रसिद्ध केली. ज्याच्या मनात असा सिद्धान्त घोळत होता, त्याच्या हाताखाली जमलेली माहिती वाचताना सावध राहायला हवे. कोकणी माणूस सतत भुतांच्या धाकात वावरतो असे चित्र त्यातून उठत असेल, तर त्यात कोकणी माणूस किती आणि कॅम्पबेल किती, हे वेगळे काढावे लागते.

याहून मोलाचे साधन १९१५ च्या सुमाराचे आहे, आणि त्याच्या जन्माची कथा विलक्षण आहे. ए. एम. टी. जॅक्सन हा मुलकी अधिकारी प्राच्यविद्येचा अभ्यासक होता. त्याने लोकसमजुतींची एक प्रश्नावली तयार करून मुंबई इलाख्यात पाठवली. उत्तरे बहुतांशी गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून धाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. नाशिकचा कलेक्टर म्हणून तो मारला गेला आणि त्याच्या मागे मास्तरांच्या उत्तरांचे गठ्ठे उरले. आर. ई. एन्थोवेनने ते हाती घेऊन गुजरात आणि कोकण असे दोन भाग सिद्ध केले.

कोकणच्या भागात पानाच्या तळाला टिपा आहेत. माहिती कोणाकडून आली ते त्यात सांगितलेले असते: शाळामास्तर, आचरे. शाळामास्तर, मसुरे. शाळामास्तर, उभादांडा. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या परिसरातलीच ही गावे. देवचार गावाच्या चारी बाजूंना राहतो आणि त्याला वर्षाचे देणे द्यावे लागते. कोणतेही काम हाती घेण्याआधी देवाला कौल लावतात. दुखणे औषधाला दाद देत नाही तेव्हा भगत-देवरुषाला बोलावतात. आज गावात जे ऐकू येते ते शंभर वर्षांपूर्वी मास्तरांनी लिहून ठेवलेले आहे. गाऱ्हाण्यात साक्षीला बोलावले जाणारे देवचार किमान तेव्हापासून आपापल्या जागी उभे आहेत, एवढे तरी खात्रीने म्हणता येते.

तरीही या साधनालाही उलटे प्रश्न विचारावेत. प्रश्नावली वायव्य प्रांतांतल्या तशाच पाहणीच्या धर्तीवर होती, म्हणजे प्रश्न बाहेरून आलेले. जे विचारले गेले तेच लिहिले गेले. मास्तर शिकलेला, सरकारी पगाराचा आणि बहुधा गावच्या मानकऱ्यांत न मोडणारा. ‘खालच्या वर्गातले लोक असे मानतात’ अशा थाटात ही माहिती येते, तेव्हा लिहिणारा स्वतःला त्यातून बाजूला ठेवत असतो. तो स्वतः काय मानत होता? त्याच्या घरात पोर आजारी पडले तेव्हा तो कोणाकडे गेला? प्रश्नावलीत हा प्रश्न नव्हता. आणि टिपेत मास्तराचे नावही नाही, फक्त गाव आहे.

आता शोधातला सर्वांत अवघड मुद्दा. कोकणभर मुठीची धास्ती आहे. मंतरलेले उडीद किंवा तांदूळ मुठीतून शत्रूच्या दिशेने टाकले की तो रक्त ओकून मरतो, असे सांगतात. विश्वासाने माणूस मरू शकतो का? १९४२ मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने यावर एक गाजलेला लेख लिहिला. ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, पॅसिफिक बेटे इथल्या हकीकती घेऊन त्याने मांडले, की आपल्यावर शाप पडला आहे अशी खात्री झालेल्या माणसाच्या शरीरात भीतीची यंत्रणा सतत ताणलेली राहते, रक्ताभिसरण ढासळते, आणि आप्तांनीही त्याला मेलेला धरले की त्याचा आधारच तुटतो. कल्पना पटण्याजोगी आहे. पण कॅननचे साहित्य पाहिले तर तेही मिशनरी, डॉक्टर आणि प्रवासी यांनी सांगितलेल्या हकीकतींचेच आहे. आचऱ्याच्या मास्तराच्या टिपेहून त्याचा दर्जा फारसा वेगळा नाही. भीतीचा शरीरावर परिणाम होतो हे पक्के. अमका माणूस शापानेच मेला, हे कागदावरून कधीच सिद्ध होत नाही. कॅननच्या मांडणीतला दुसरा भाग मात्र आपल्या कामाचा आहे: शाप एकट्याच्या मनात काम करत नाही, भोवतालच्या माणसांच्या वागण्यातून करतो. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्या जमावाचे महत्त्व इथे उलगडते. दुसऱ्या दिवशी ज्याच्याकडे सारा गाव वेगळ्या नजरेने पाहतो, त्याला शाप लागलेला असतोच.

शेवटचे साधन आपल्या काळातले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात राज्य सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे, जे पेशवाईच्या नोंदींशेजारी ठेवून वाचावे. अमका माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्राने गुरांचे दूध आटवतो, असे सांगून त्याच्याबद्दल संशय निर्माण करणे, त्याचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा आहे. पेशवाईत करणी करणारा शिक्षेला पात्र होता. आता दुसऱ्यावर करणीचा आळ घेणारा पात्र आहे. मंत्राने दूध आटते की नाही या वादात कायदा शिरत नाही. आळ घेतल्याने माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होते, हे मात्र त्याने मान्य केले आहे. म्हणजे शापाचे सामर्थ्य माणसांच्या विश्वासात असते, ही गोष्ट इथे कायद्याच्या भाषेत उतरली.

हाती काय लागले ते आता मांडू. निश्चित असे: अकराव्या-बाराव्या शतकापासून कोकणात सत्ताधारी आपल्या दानाच्या रक्षणासाठी शाप लिहीत आणि कोरत होते, आणि निदान परळच्या लेखात शाप लोकांच्या भाषेत आहे. अठराव्या शतकात पेशव्यांच्या मुलुखात रयतेने एकमेकांवर घातलेली करणी सरकारी चौकशीचा विषय होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मालवण-वेंगुर्ल्याच्या गावांत देवचार, कौल आणि देवरुषी यांची यंत्रणा चालू होती. अनुमान असे: आजचे गाऱ्हाणे आणि गधेगाळाचा शाप हे एकाच घडणीचे आहेत. दोन्हींत साक्षी देव आहे, अनामिक गुन्हेगार आहे, शर्त आहे. मात्र एकापासून दुसरे आले, असे दाखवणारा दुवा यांतल्या एकाही साधनात नाही.

या साऱ्या साधनांना एक समान मर्यादा आहे. ज्यांच्याकडे राखण्याजोगे काही होते, त्यांचे शाप उरले. राजाला शिल्पी मिळाला, इनामदाराला कारकून मिळाला, इंग्रजाला मास्तर मिळाला. ज्याचा बांध शेजाऱ्याने सरकवला आणि ज्याला कोर्टाची पायरी चढणे परवडले नाही, त्याने एक नारळ घेऊन देवाची पायरी गाठली. त्याचा शाप हवेत विरला. जी विधवा गाऱ्हाण्याची लक्ष्य झाली, जिच्याकडे पाहून आयाबायांनी पोरे पदराआड घेतली, तिचे म्हणणे कोणीच लिहिले नाही.

म्हणून काम बाकी आहे, आणि ते कसालसारख्या गावांतच होऊ शकते. देवस्थानांच्या दप्तरांत, मानपानाच्या दाव्यांच्या कागदांत, जुन्या मानकऱ्यांच्या आठवणीत गाऱ्हाणी अजून शिल्लक आहेत. आज फोनवर गाऱ्हाण्यांचे व्हिडिओ निघतात, पण त्यात आवाज आणि ठसका तेवढा टिपला जातो. गाऱ्हाणे कोणाचे, कशाबद्दल, कोणाकडे बोट दाखवणारे, आणि पुढे तंटा मिटला की चिघळला, हे तारखेसह लिहून ठेवायला हवे. नावे झाकून लिहावीत, कारण आळाची इजा कागदानेही होते. अशी नोंद प्रत्येक गावातून थोडी थोडी झाली, तरी शाप घालणाऱ्याची आणि शाप झेलणाऱ्याची बाजू पहिल्यांदाच एका पानावर येईल. मास्तरांना ते जमले नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आपल्याला विचारायला कोणाची आडकाठी नाही.